नवसाक्षरांना गोष्ट हवी

१९७८ चा राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम झाला, १९८८ चे राष्ट्रीय साक्षरता मिशन झाले. नवसाक्षरांच्या हाती पडले ते बहुधा खते, लसीकरण, अल्पबचत यांवरील उपदेश. सही शिकलेली शेतमजूर बाई पुढे वाचेनाशी झाली, तर खापर तिच्याच आळसावर! वास्तविक मजुरी, कर्ज, सासुरवास कोळून प्यालेल्या बाईला ससा-कासवाची गोष्ट काय सांगणार? शब्द सोपे असावेत. आशय मात्र मोठ्या माणसाच्या तोलाचा हवा. ब्रिटनमध्ये २००६ साली सुरू झालेल्या ‘क्विक रीड्स’ मालेसाठी नामवंत कादंबरीकारांनी अशी छोटी पुस्तके लिहिली. मराठीतल्या प्रतिष्ठितांना हे काम कमीपणाचे वाटते. करून पाहिले तर घाम फुटेल. निदान गावोगावच्या कार्यकर्त्यांनी वाचनालयांकडे अशा पुस्तकांचे एक कपाट मागावे आणि संध्याकाळी कुलूप काढायला लावावे.