शालूची नक्षी आणि फायलीचे नाव

लग्नघरात बनारसी शालूची घडी उलगडली, की बायका आधी पदर पाहतात, मग काठ, मग अंगावरची बुट्टी. या नक्षीमागे केवढा काटेकोर हिशेब असतो, याची कल्पना मात्र थोड्यांनाच असते!

वाराणसीत पूर्वी हा हिशेब दोऱ्यांत बांधून ठेवत. ते काम करणारा कारागीर म्हणजे नक्शाबंद. पुढे तिथल्या मागांवर जॅकार्ड आले. फ्रान्सच्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या या यंत्रात नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डांवर छिद्रांनी उतरवतात. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. कार्डांवर क्रमांक घालून ती ओळीने दोरीत ओवायची. दोन कार्डांची अदलाबदल झाली, तर फूल तिथेच मोडते.

आता अनेक ठिकाणी नक्षी कॉम्प्युटरवर तयार होते आणि आधीची शिस्त इथेच सुटते. कार्डांची माळ डोळ्यांना दिसते, फाईल दिसत नाही. दिसते ते फक्त तिचे नाव, आणि ते असते ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ किंवा ‘फायनल दोन’! घाईत जुनी फाईल कार्डे कापायला गेली, तर चूक कळते ती विणकाम सुरू झाल्यावर. रेशीम, जर आणि विणकराचे दिवस वाया जातात. साडीमागे मजुरी घेणाऱ्याला हे कसे परवडावे?

हे टाळायला महागडा प्रोग्रॅम लागत नाही. पुढील सवयी पुरेत.

प्रत्येक कामाला एक क्रमांक आणि एकच फोल्डर द्या. त्यात तीन कप्पे करा: मूळ चित्र, चालू काम आणि कापायला पाठवलेली नक्षी. मूळ चित्रावर कधीही काम करू नका, त्याची प्रत घ्या.

नावात नेहमी एकच क्रम ठेवा: कामाचा क्रमांक, भाग, हुकांची संख्या, आवृत्ती. उदाहरणार्थ, ‘०१२-पदर-४००-०३’. म्हणजे बारावे काम, त्याचा पदर, चारशे हुकांच्या जॅकार्डसाठी, तिसरी आवृत्ती. वाचणाऱ्याला फाईल उघडावीसुद्धा लागत नाही.

आकड्यांपुढे शून्य लावा. नाहीतर काही प्रोग्रॅम १० ला २ च्या आधी बसवतात. तारीख घालायची तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. मध्ये तिरकी रेघ नको. विंडोज ती नावात घेत नाही. आडवी छोटी रेघ चालते. काही जुने प्रोग्रॅम देवनागरी नावांवर अडतात, तिथे इंग्रजी अक्षरे वापरा.

‘फायनल’ हा शब्द मात्र कायमचा सोडा. काम पक्के झाले, की ती आवृत्ती तिसऱ्या कप्प्यात ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. बदल हवा असेल तर पुढचा आकडा घ्या. शेजारी एक साधी नोंद-फाईल असू द्या: कोणत्या दिवशी काय बदलले, कोणाच्या सांगण्यावरून. सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या जागी ठेवा.

तुम्ही शालू विणत नसाल, पण सोसायटीचे हिशेब, मुलांचे प्रकल्प, शिवणकामाचे नमुने तरी कॉम्प्युटरवर असतीलच. त्यांनाही हाच नियम लागू आहे. आईच्या शालूचा काठ लेकीच्या लग्नात पुन्हा हवा, असे म्हणत वीस वर्षांनी कोणी दारात येईल, तेव्हा फाईल शोधणारे हात कदाचित तुमचे नसतील. त्या हातांना नाव वाचूनच सारे समजले पाहिजे. या रविवारी निदान एक फोल्डर तरी आवरायला घ्या!