अधिकारी कोण?

शास्त्रग्रंथ हाती घेताना आरंभीच चार गोष्टी पाहाव्यात, असा आपल्याकडे जुना दंडक आहे : विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. यांस अनुबंधचतुष्टय म्हणतात. हा ग्रंथ कशाविषयी, कशासाठी आणि कोणी वाचावयाचा, हे कळल्यावाचून पाने उलटणे म्हणजे पत्ता न विचारता गिरगावातल्या वाड्यांतून हिंडण्यासारखेच होय.

आपल्या राज्यघटनेस हीच कसोटी लावून पाहू. ती २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झाली व २६ जानेवारी १९५० पासून अमलात आली. तिची उद्देशिका मुलांच्या पाठ्यपुस्तकांच्या आरंभी छापलेली असते. न्याय, स्वातंत्र्य, समता व बंधुता हे प्रयोजन मुले घडाघडा म्हणून दाखवितात. नागरिकशास्त्राच्या पेपरात गुणही मिळवितात. परंतु ‘या ग्रंथाचा अधिकारी कोण?’ असे विचारून पाहावे. बहुतेक मुले ‘जिल्हाधिकारी’ असे उत्तर देतील! मुलांस हसण्यापूर्वी वडील मंडळींनी तोच प्रश्न स्वतःस विचारलेला बरा.

जुन्या शास्त्रांत अधिकार म्हणजे पात्रता. ती जन्मावरून, वर्णावरून, लिंगावरून ठरे आणि पुष्कळांच्या वाट्यास येतच नसे. घटनेने शब्द तोच ठेविला, अर्थ मात्र उलटा केला. कायद्यापुढील समानता (अनुच्छेद १४) व जीविताचे आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण (अनुच्छेद २१) ही प्रत्येक व्यक्तीस आहेत. त्यांस नागरिक असण्याचीही अट नाही. अनुच्छेद २२ सांगतो की, अटक केलेल्या मनुष्यास अटकेचे कारण कळविले पाहिजे, त्यास वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. प्रतिबंधक स्थानबद्धतेसारखे अपवाद त्याच अनुच्छेदात आहेत, तेही ठाऊक असावेत. हे ज्ञान परीक्षेत दोन गुणांचे असेल. दारात पोलीस उभा राहिला म्हणजे त्याचे मोल कळते.

तथापि कागदावरचा हक्क आपल्या पायांनी चालून घरी येत नाही. याचा दाखला आपल्या मुंबईतच आहे. सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडला की, सरकारी वा सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्यांस मोकळ्या असाव्यात. ठराव संमत झाला. पुढील वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. हक्क झाला, पाणी मात्र ओठास लागले नाही. त्याच १९२४ साली परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्य सुरू झाले, आणि परळच्याच चाळीत राहणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर २० मार्च १९२७ रोजी हजारो लोकांसह त्या तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

येथून पुढचा भाग मुलांस अवश्य सांगावा. डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरला असता विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून मनाईहुकूम आणिला. बाबासाहेबांनी तो मानला, तळ्यावर जाणे थांबविले आणि न्यायालयात लढा चालविला. मुंबईच्या उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल १९३७ च्या मार्चमध्ये लागला. म्हणजे ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे गेली. पुढे घटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आला, तो का, हे ज्यास महाड ठाऊक आहे त्यास शिकवावे लागत नाही. या लढ्यात सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंत चित्रे आणि गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हेही होते. यांतील शेवटचे आडनाव आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावे.

आता समुद्रापलीकडे पाहू. आपल्या कित्येक घरांतील मुले व जावई अमेरिकेत स्थायिक आहेत. तेथील नागरिकत्व घेताना त्यांस त्या देशाची राज्यव्यवस्था व इतिहास यांवर तोंडी परीक्षा द्यावी लागते. पहिली घटनादुरुस्ती कोणते स्वातंत्र्य देते, सर्वोच्च न्यायालयाचे काम काय, हे ती मंडळी निष्ठेने पाठ करितात. त्यांत गैर काहीच नाही. परंतु येथे जन्मल्याने ज्यास नागरिकत्व आयते मिळाले, त्यास कोणीही कधी असे समोर बसवून विचारीत नाही. मग ते घरानेच विचारावे.

विचारावयाचे ते पाठांतर नव्हे. अनुच्छेद किती हे विसरले तरी चालेल. ‘हा हक्क कोणाचा? तो नाकारला तर दाद कोठे मागावयाची? आणि आपल्याकडून तो कोणास नाकारला जात आहे काय?’ हे तीन प्रश्न पुरेत. दुसऱ्याचे उत्तर अनुच्छेद ३२ व २२६ यांत आहे : सर्वोच्च न्यायालय अथवा उच्च न्यायालय. यांपैकी अनुच्छेद ३२ ला बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा व हृदय म्हटले होते. तिसऱ्याचे उत्तर मात्र पुस्तकात सापडत नाही.

अन्य मूलभूत हक्क बहुतांशी सरकारास बांधतात. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ तुम्हांआम्हांस बांधतो. दादरच्या एखाद्या सुशिक्षित घरात भांडी घासणाऱ्या बाईचा चहाचा कप आजही फडताळात निराळा ठेविलेला असेल, तर तो न्यायालयापर्यंत जाईल न जाईल. घरातला नातू मात्र तो रोज पाहतो. शाळेत समतेवर दहा ओळी लिहून आलेल्या मुलाने तो कप पाहावा व दोहोंपैकी काय खरे ते ठरवावे, ही शिकवण कोणत्याही शिक्षकास पुसता येत नाही.

येत्या २६ नोव्हेंबरास, संविधान दिनी, रात्री पाने वाढण्यापूर्वी घरातील सर्वांनी उद्देशिका एकदा मोठ्याने वाचावी. आजीने वाचावी, सुनेने वाचावी, आणि कामावरच्या बाईंस त्या वेळी थांबता येत असेल तर त्यांनीही वाचावी. मात्र तो निराळा कप आदल्या दिवशीच इतर कपांत मिसळलेला असावा.