खूण एकाला, निरोप दुसऱ्याला

बेल्ह्याचा आठवडे बाजार सोमवारी भरतो. कल्याण–अहिल्यानगर रस्त्यावर आळेफाट्याच्या पूर्वेला आमचे गाव. लांबचे लोकही ते ओळखतात ते या बाजारामुळे, त्यातही बैलबाजारामुळे. गावात आमचे पशुखाद्याचे छोटे दुकान आहे. सरकी पेंड, गोळी पेंड, मक्याचा भरडा, भुसा. गिऱ्हाईक सगळे शेतकरी. दुधाचा पगार दहा दिवसांनी, कांद्याचे पैसे कांदा विकल्यावर, त्यामुळे उधारी आलीच. उधारी आली की मागणी आली, आणि मागणी सोमवारीच करायची, कारण त्या दिवशी माणूस बाजाराला येतो.

अब्बा होते तोवर हे काम खतावणीवर चालायचे. रविवारी इशाच्या नमाजनंतर ते खतावणी उघडून बसायचे. ज्यांना आठवण करायची त्यांच्या नावापुढे लाल पेन्सिलीने खूण करायचे. मग ती नावे एका चिठ्ठीवर उतरवायचे आणि चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. सोमवारी त्यातले कुणी आले की चहा मागवायचे आणि बाजूला घेऊन हळू आवाजात विचारायचे. चार माणसांत कुणाची बाकी काढलेली आम्ही कधी ऐकली नाही.

आता खतावणीची जागा मोबाईलने घेतली आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्याने दोन सुट्ट्यांत आम्हाला एक ॲप करून दिले. तो काही संगणक शिकलेला इंजिनिअर नव्हे. पण आता ‘लो-कोड’ नावाची साधने निघाली आहेत. त्यांत फारसा प्रोग्राम लिहावा लागत नाही. तयार चौकटी, यादी, बटणे जागच्या जागी मांडायची आणि कोणते बटण दाबल्यावर काय व्हावे ते छोट्या सूत्रांत सांगायचे. एक्सेलमध्ये बेरजेचे सूत्र लिहिणाऱ्याला हे जमते. आपल्याकडच्या झोहो कंपनीचे ‘क्रिएटर’ २००६ पासून आहे. ‘लो-कोड’ हा शब्द २०१४ मध्ये फॉरेस्टर या संशोधन संस्थेने रूढ केला. मायक्रोसॉफ्टचे ‘पॉवर ॲप्स’ आणि गुगलने २०२० मध्ये विकत घेतलेले ‘ॲपशीट’ ही आज जास्त वापरात असलेली नावे.

आमचे ॲप साधे होते. गिऱ्हाइकांची यादी, प्रत्येक ओळीत नाव, गाव, मोबाईल, बाकी, आणि पुढे खूण करायची छोटी चौकट. वर शोधायची पट्टी. खाली एक बटण: ‘निरोप पाठवा’. बटण दाबले की खूण केलेल्यांच्या मोबाईलवर निरोप जाणार: ‘आपली बाकी कृपया जमा करावी.’ रक्कम मुद्दाम घातली नव्हती. मोबाईल घरात कुणाच्याही हातात असतो.

एका रविवारी आम्ही खुणा करायला बसलो. शोधपट्टीत ‘मंगरूळ’ टाकून दोघांना खूण केली. मग ‘राजुरी’ टाकून तिघांना. मग पट्टी पुसली, पूर्ण यादी पुन्हा आली आणि आम्ही बटण दाबले. पाच जणांना निरोप गेला, असे समजून झोपलो.

सोमवारी दुपारी ऐन गर्दीत आमच्या मोहल्ल्यातले एक बुजुर्ग चाचा दुकानात आले. पंचवीस-तीस वर्षांचे गिऱ्हाईक, एक पैशाची उधारी कधी केली नाही. त्यांचे नाव यादीत होते ते फक्त माल घरपोच करायला मोबाईल नंबर लागतो म्हणून. त्यांनी पाचशेच्या दोन नोटा गल्ल्यावर ठेवल्या आणि म्हणाले, “बेटा, किती राहिलेत ते सांग. नातवाने निरोप वाचून दाखवला. माझ्या लक्षात नाही, पण तू लिहिलंस म्हणजे असतील.”

दुकानात सात-आठ माणसे उभी होती. आम्ही नोटा त्यांच्या हातात परत दिल्या, माफी मागितली, ‘चूक मशिनची’ असेही बोलून गेलो. चाचा हसले, पण चहा न घेता गेले. संध्याकाळी कळले की ज्या पाच जणांना निरोप जायचा होता, त्यांतल्या एकालाही गेला नव्हता.

पुढच्या रविवारी पुतण्या आला. त्याने सूत्रे उघडली आणि थोड्या वेळाने म्हणाला, “चाचा, मशीन बरोबर आहे. आपण विचारलं एक आणि सांगितलं दुसरं.”

त्याने जे समजावले ते आम्ही इथे सांगतो. कारण अशी ॲप आता दुकानांत, शाळांत, बचत गटांत सगळीकडे होऊ लागली आहेत आणि हीच चूक कुणाकडूनही होऊ शकते.

पडद्यावरच्या यादीत ‘निवडलेले’ या शब्दाचे दोन वेगळे अर्थ असतात. एक म्हणजे बोट शेवटी जिथे लागले ती ओळ. दुसरा म्हणजे खूण केलेल्या ओळी. पॉवर ॲप्सचे उदाहरण घेऊ. तिथे यादीच्या चौकटीला ‘गॅलरी’ म्हणतात. गॅलरीला ‘सिलेक्टेड’ कोण, असे विचारले तर ती एकच ओळ सांगते. कुणी बोटच लावले नसेल, तर सहसा सर्वांत वरची ओळ निवडलेली धरली जाते. ओळीतल्या खुणेच्या चौकटीचा या ‘सिलेक्टेड’शी संबंध नाही. दहा जणांना खूण करा, ‘सिलेक्टेड’ एकच राहणार.

आमच्या बटणाला नेमके हेच जोडले होते. शोधपट्टी पुसताच यादी नव्याने भरली आणि वरची पहिली ओळ निवडलेली ठरली. चाचांचे नाव ‘अ’ने सुरू होते, एवढाच त्यांचा गुन्हा.

आणि खुणा? त्याही पुसल्या गेल्या होत्या. शोध बदलला की पडद्यावरच्या ओळी नव्याने मांडल्या जातात, आणि आधी केलेली खूण कुठे लिहून ठेवली नसेल तर ती राहत नाही. मंगरूळ आणि राजुरीची नावे यादीत खूप खाली होती, म्हणून आमच्या ते ध्यानात आले नाही.

अम्मी शेजारी बसून ऐकत होती. तिला गॅलरी वगैरे काही कळले नसावे. पण तिने विचारले, “यात चिठ्ठी कुठाय? तुझे दादा वहीतून सरळ कधी मागायला गेले नाहीत. आधी चिठ्ठी करायचे.”

पुतण्या म्हणाला, “दादी, तीच राहिली.”

मग त्याने ॲपमध्ये चिठ्ठी केली. चौकटीत खूण होताच ते नाव एका वेगळ्या यादीत लिहायचे, खूण काढताच तिथून खोडायचे. पॉवर ॲप्समध्ये अशा तात्पुरत्या यादीला ‘कलेक्शन’ म्हणतात. नाव घालायला ‘कलेक्ट’ आणि काढायला ‘रिमूव्ह’ हे शब्द आहेत. आता शोधपट्टीत काहीही टाका, चिठ्ठी जागेवर राहते. प्रत्येक ओळ पडद्यावर येताना ‘मी चिठ्ठीत आहे का?’ असे पाहते आणि असेल तर आपली खूण पुन्हा दाखवते.

चिठ्ठीवर ओळख नावाने ठेवायची नाही, क्रमांकाने ठेवायची. आपल्याकडे एकाच नावाचे आणि आडनावाचे दोन-तीन लोक सहज असतात. प्रत्येक गिऱ्हाइकाला एकदाच क्रमांक द्यावा. तो कधी बदलू नये आणि दुसऱ्याला देऊ नये.

निरोपाच्या बटणाआधी आणखी एक पडदा आला. त्यावर फक्त चिठ्ठी दिसते: ‘एकूण ५’, खाली पाच नावे, गावे आणि बाकी. चुकून आलेले नाव तिथेच काढता येते. चिठ्ठी कोरी असेल तर बटण दबतच नाही. आमच्याकडे एवढे एकच आधी असते, तरी चाचांना निरोप गेला नसता. ॲपशीटमध्ये अनेक ओळी एकदम निवडून काम करण्याची सोय आहे, आणि तिथेही काम होण्याआधी ‘नक्की करायचे का?’ असे विचारणारी खिडकी लावता येते. ती लावून घ्या.

काम झाले की चिठ्ठी फाडायची. ‘क्लिअर’ हा त्यासाठीचा शब्द. हे विसरलो तर याच बैठकीत पुन्हा बटण दाबताना आधीची नावे चिठ्ठीत तशीच असतात आणि पैसे भरून गेलेल्याला दुसऱ्यांदा निरोप जातो.

मोठी यादी असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘सर्व निवडा’ म्हटले की सर्वच निवडले गेले असे नसते. गॅलरी लांब यादी एका दमात आणत नाही. आपण खाली सरकवू तशा ओळी येतात, आणि तोवर आलेल्या ओळी म्हणजेच तिच्या लेखी ‘सर्व’. शिवाय काही प्रकारचे शोध मूळ नोंदवहीला करता येत नाहीत, ते ॲपला स्वतः करावे लागतात. तेव्हा पॉवर ॲप्स पहिल्या ५०० नोंदीच पाहते. ही मर्यादा वाढवता येते, पण २,००० पर्यंतच. सहाशे गिऱ्हाइके असतील तर शेवटची शंभर नजरेआड राहतील आणि पडद्यावर त्याचा पत्ताही लागणार नाही. म्हणून पडद्यावरचा आकडा आणि मूळ नोंदवहीतला आकडा अधूनमधून ताडून पाहावा.

वाचक बंधू-भगिनींनो, आमच्या हातून एका भल्या माणसाला ओशाळावे लागले. तेही वाईटच. पण अशाच याद्यांवर आता याहून मोठी कामे चालतात. रमजानमध्ये कोणत्या घरी रेशनचे किट द्यायचे, कोणत्या मुलाच्या फीची सोय करायची, बचत गटातल्या कोणत्या बहिणीचा हप्ता आला, हे सगळे कुणीतरी मोबाईलवर खूण करून ठरवत असते. तिथे एक खूण पुसली गेली तर एखाद्या बेवा बहिणीच्या घरी किट पोहोचत नाही. ती विचारायला येत नाही. आपल्याला वगळले असे समजून गप्प बसते. आमचे चाचा निदान दुकानात आले, म्हणून आम्हाला चूक कळली.

कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी सूरह बकरामध्ये २८२वी आयत आहे आणि ती कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत आहे. अब्बा हे खतावणी लिहिताना सांगायचे. लिहिणाऱ्याच्या हातात दुसऱ्याची अमानत असते, ही त्यांची समजूत होती. वहीऐवजी मोबाईल आला तरी लिहिणारे आपणच आहोत. ‘चूक मशिनची’ असे आम्ही त्या दिवशी म्हणालो, ते म्हणायला नको होते.

तुमच्या घरी किंवा दुकानात असे ॲप असेल तर या रविवारी एक करून पाहा. यादीत दोन खोटी नावे घाला आणि त्यांना घरातलेच मोबाईल नंबर द्या. एकाला खूण करा. शोधपट्टीत दुसरेच काही टाका, मग पट्टी पुसा. खूण जागेवर आहे का पाहा, आणि असली तरच बटण दाबा. निरोप बरोबर मोबाईलवर आला का, दुसऱ्यावर तर गेला नाही, हे तपासा. मग कुणालाच खूण न करता बटण दाबून पाहा. काहीही व्हायला नको. कुणाला निरोप गेला, तर ज्याने ॲप केले त्याला बोलवा आणि चिठ्ठी कुठे आहे ते विचारा.

त्या सोमवारनंतर तीन आठवड्यांनी चाचा पेंड घ्यायला आले. रोख पैसे दिले. आम्ही चहा मागवला, तो त्यांनी घेतला. जाताना म्हणाले, “माझा नंबर यादीतून काढू नकोस. पेंड घरी पोहोचव.”