अभ्यासेतर उपक्रमाची निवड : पालकांच्या आक्षेपांचे परीक्षण

शाळेच्या विषयांखेरीज मूल जे खेळ, वादन, चित्रकला किंवा नाट्य शिकते त्याला अभ्यासेतर उपक्रम म्हणतात. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या आणि गोदामांच्या शहरात तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी तो बहुतेक घरांत पालकच ठरवतात. या प्रथेचा पूर्वपक्ष, म्हणजे खंडनाआधी मांडावयाचे प्रतिपक्षाचे म्हणणे, दुबळा नाही. बारा-बारा तासांच्या पाळीत माग चालवणाऱ्या किंवा मानकोली-काल्हेरच्या गोदामांत माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माणसाला क्लासची फी पोटाला चिमटा काढून भरावी लागते. शिवाय दहावी तोंडावर असते आणि या वयातली आवड मित्रांच्या नादाने आज एक, उद्या दुसरी अशी बदलते, हेही खोटे नाही.

परंतु धरसोडीचा हा आक्षेप पालकांच्या निवडीलाही तितकाच लागू पडतो. लादलेल्या क्लासला मूल जाते, हजेरी लावते आणि पाट्या टाकून परत येते, तेव्हाही फी वायाच जाते. फरक इतकाच की ती वाया गेल्याचे घरात कोणाला कळत नाही.

दहावीच्या गुणांसाठी उपक्रम निवडावा, हा युक्तिवाद अधिक खोलात तपासला पाहिजे. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांतून दहावीला वाढीव गुण मिळू शकतात, म्हणून चित्रकलेची ओढ नसलेली मुलेही तिकडे पाठवली जातात. मग स्मरणचित्र, म्हणजे पाहिलेला प्रसंग आठवून काढावयाचे चित्र, पाठ केले जाते : बाजाराच्या चित्रात तोच फुगेवाला, तेच झाड, त्याच टोपल्या. ज्या मुलाने लहानपणापासून मागावर धोटा येताजाता पाहिला आहे आणि रातपाळीहून परतलेल्या वडिलांच्या केसांतला कापसाचा तूस पाहिला आहे, त्याच्या स्वतःच्या स्मरणातले काहीही त्या कागदावर येत नाही, ही खरोखर खेदाची गोष्ट आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितलेली मुले पुढे आपण होऊन चित्रे काढण्यात कमी वेळ घालवू लागल्याचे आढळले. तो प्रयोग बालवाडीतील आणि मुळात चित्रांची आवड असलेल्या मुलांवरचा असल्यामुळे किशोरांना जसाच्या तसा लावता येणार नाही. तथापि बक्षिसाच्या आमिषाने असलेली गोडीसुद्धा कमी होऊ शकते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

मंडनासाठी, म्हणजे स्वपक्षाच्या स्थापनेसाठी, सचिन तेंडुलकरचे नाव पुढे करण्याचा मोह टाळला पाहिजे. कवी-प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांनी मुलाला क्रिकेट खेळू दिले हे खरे, पण एका असामान्य यशाने हजारो घरांविषयी काहीच सिद्ध होत नाही, आणि उपक्रमाचे मोल पदकांत मोजणे हीच तर पूर्वपक्षाची चूक आहे. खरा आधार दुसरीकडे आहे. दहावीच्या निकालानंतर अवघ्या काही आठवड्यांत याच मुलाला विज्ञान, वाणिज्य, कला किंवा आयटीआय यांतून आयुष्याला वळण देणारी निवड करावी लागते. तोवर त्याने एकही निर्णय स्वतः घेतलेला नसेल, तर त्या दिवशी तो कोणत्या अनुभवाच्या बळावर घेणार? उपक्रमाची निवड चुकली तर काही महिन्यांची फी जाते, शाखेची चुकली तर वर्षे जातात.

संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेचे, जी भारताने 1992 मध्ये स्वीकारली, बारावे कलमही मुलाच्या मताला त्याचे वय व समज पाहून योग्य वजन द्यावे असेच सांगते; पालकांनी आपला अधिकार सोडून द्यावा असे ते म्हणत नाही. म्हणून फी किती परवडेल, अंतर किती असावे आणि सुरू केलेले निदान किती महिने सोडायचे नाही, हे पालकांनी मुलाशी बोलून आधीच ठरवावे. त्या मर्यादेत तबला की कबड्डी, हे मुलाने ठरवावे.

मुलींच्या बाबतीत सुरक्षिततेचा आक्षेप येतो आणि अंजूरफाट्याला संध्याकाळी कंटेनरची रांग पाहिलेल्या कोणालाही तो क्षुल्लक वाटणार नाही. मात्र भोवतालच्या आगरी-कोळी गावांत कबड्डी पिढ्यान्‌पिढ्या खेळली जात असताना, मुलीला ती खेळायची असेल तर मेंदीच्या क्लासला नाव घालणे हे रस्त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे, कारण त्या क्लासलाही तिला त्याच रस्त्याने जावे लागते. सरावाची वेळ अलीकडे घेण्यासाठी प्रशिक्षकांशी बोलणे, गल्लीतल्या चार मुलींना एकत्र पाठवणे आणि आणायला कोणी कोणत्या दिवशी जायचे याची पाळी घरांनी आपसांत लावणे, हे काम मोठ्यांचे आहे.