पवईच्या घराचा हिशेब

पवईला राहावयास जावे की नाही, याचा खल सुखवस्तू कुटुंबांत चालतो तो कर्जाचे हप्ते, शाळा आणि कचेरीचे अंतर एवढ्यापुरता. जमीन कोणासाठी होती, हे कोणी विचारीत नाही. 1986 च्या त्रिपक्षीय करारान्वये तेथील सुमारे 230 एकर जमीन हेक्टरी 1 रुपया अशा नाममात्र भाडेपट्ट्याने दिली गेली, ती 40 आणि 80 चौरस मीटरची परवडणारी घरे बांधण्यासाठी. उभे राहिले ते आलिशान मनोरे! लहान घरे आधी बांधा, असे 2012 मध्ये उच्च न्यायालयाला बजवावे लागले. ‘आम्ही बाजारभावाने पैसे मोजले,’ असे घर घेणारे (त्यांत समाजवादी म्हणविणारेही असतील) सांगतात. मोजले खरे, पण ज्या कारकुनाच्या नावाने जमीन स्वस्तात सुटली, तो बदलापूरहून लोकलला लोंबकळत येतो.