खेळाचा पैसा आणि प्रेक्षकाचा हक्क

४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाच्या दारांशी ११ माणसे चेंगरून मेली. आदल्या रात्री त्या शहराच्या संघाने इंडियन प्रीमियर लीगचे पहिले विजेतेपद मिळवले होते आणि सुमारे पस्तीस हजार प्रेक्षकांच्या त्या मैदानाभोवती दोन लाखांहून अधिक लोक लोटल्याचा अंदाज पुढे आला. बाहेर जखमींना उचलून नेण्याची धावपळ चालू असताना आत सत्काराचा समारंभ, आटोपशीर का होईना, पण पार पडला. जबाबदारी एकमेकांवर ढकलण्याचे जे प्रकार पुढे झाले, ते या देशात कोणाला नवे नाहीत. प्रश्न त्याहून जुना आहे. ज्याच्या पैशावर आणि प्रेमावर हा सारा डोलारा उभा आहे, त्या प्रेक्षकाचे या व्यवहारात स्थान नेमके कोणते?

क्रिकेटवर जन्मभर प्रेम केलेल्या माणसाला काय बिघडले म्हणून विचारले, तर तो बहुधा खेळाडूंकडे बोट दाखवील. रणजी सामन्याला डबा घेऊन जाणाऱ्या पिढीला २०२४ च्या लिलावात ऋषभ पंतवर लागलेली २७ कोटींची बोली ओंगळ वाटावी, यात नवल नाही. पण हा राग चुकीच्या पत्त्यावर जातो. १९८३ साली विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला बक्षीस देण्यापुरता पैसा मंडळाजवळ नव्हता. लता मंगेशकर यांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला, तेव्हा कोठे खेळाडूंच्या पदरात प्रत्येकी एक लाख रुपये पडले. त्याआधी १९७७ मध्ये केरी पॅकर यांनी जगातले अव्वल खेळाडू पळवले, तेव्हा 'सर्कस' म्हणून त्यांची हेटाळणी झाली. मात्र खेळाडू त्यांच्याकडे गेले, कारण प्रस्थापित मंडळे त्यांना तुटपुंजे मानधन देत होती. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने प्रक्षेपणाचे हक्क त्याच पॅकर यांच्या हवाली केले. तत्त्वाचा म्हणून गाजलेला तो लढा मुळात हक्कांच्या विक्रीचा होता.

आजचा हिशेबही मांडून पाहण्यासारखा आहे. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे लीगचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. म्हणजे वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी. २०२५ च्या हंगामासाठी दहा संघांना लिलावात प्रत्येकी १२० कोटी खर्चण्याची मुभा होती. सामन्यागणिक मिळणारे मानधन धरले, तरी सर्व खेळाडूंचा वाटा केवळ प्रक्षेपणाच्या उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्यापर्यंतही पोहोचत नाही. प्रायोजकांचा आणि तिकिटांचा पैसा यात धरलेलाच नाही. अमेरिकेतील बास्केटबॉल व फुटबॉल खेळाडू लीगच्या उत्पन्नापैकी जवळजवळ निम्मा हिस्सा घेतात, कारण त्यांच्या संघटना मालकांशी सामूहिक करार करतात. भारतात २०१९ साली स्थापन झालेली क्रिकेटपटूंची संघटना केवळ निवृत्तांची आहे. मैदानावर खेळणाऱ्याला मालकांशी एकट्यानेच बोलावे लागते. पंतसारखा तारा ते बोलू शकतो. सर्वांत कमी बोलीवर उचलला जाणारा होतकरू गोलंदाज काय बोलणार?

तेव्हा लोभ शोधायचा तर तो मंडळाच्या दुहेरी भूमिकेत शोधावा लागेल. सवलत घेताना क्रिकेट हे राष्ट्रकार्य असते. हिशेब द्यायची वेळ आली की तोच एका खाजगी संस्थेचा कारभार ठरतो. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळ हे 'राज्यसंस्था' नसल्याचा निर्वाळा दिला, पण २०१५ साली त्याच न्यायालयाने मंडळ सार्वजनिक स्वरूपाचे कार्य करते, असे बजावले. पुढे लोढा समितीच्या शिफारशी आल्या, पदाधिकारी दूर झाले आणि २०२२ मध्ये त्या सुधारणांतील पदावरून सक्तीने विश्रांती घेण्याची अट सैल झाली. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने मंडळाला कक्षेत आणले खरे. परंतु माहितीचा अधिकार सरकारी अनुदान घेणाऱ्या संघटनांपुरताच ठेवला. मंडळ अनुदान घेत नाही, हे खरे आहे. सरकारी भाडेपट्ट्याची जमीन आणि पोलिसांचा बंदोबस्त यांना अनुदान म्हणायचे की नाही, एवढाच काय तो प्रश्न उरतो.

महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी पोहोचवावे लागत असताना राज्यातल्या मैदानांवर खेळपट्ट्या भिजवल्या जात होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला तेव्हा ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर गेले. २०२३ मध्ये राज्य सरकारने क्रिकेट सामन्यांच्या बंदोबस्ताचे शुल्क घटवले आणि तेही २०११ पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने. शेतकऱ्याच्या थकबाकीला इतक्या मागे जाऊन सवलत मिळाल्याचे कोणाला आठवते काय?

जिच्यापायी दोन संघांना २०१६ व २०१७ या दोन हंगामांसाठी बाहेर बसावे लागले, त्या सट्टेबाजीचीच चुलत बहीण २०२३ पासून भारतीय संघाच्या सदऱ्यावर झळकत होती. २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, म्हणून ते नाव उतरले; मंडळाला विवेक सुचला म्हणून नव्हे.

जागतिक पातळीवरचा वाटपाचा न्यायही असाच. २०२४ ते २०२७ या काळात आंतरराष्ट्रीय परिषदेच्या उत्पन्नातील सुमारे ३८.५ टक्के वाटा भारताला आणि पाच टक्क्यांहूनही कमी वेस्ट इंडिजला मिळतो. भारतीय प्रेक्षक सर्वाधिक पैसा आणतो, हा त्यामागचा युक्तिवाद निराधार नाही. परंतु समोर तोलामोलाचा प्रतिस्पर्धीच उरला नाही, तर या बाजारात विकायचे काय?

वानखेडे मैदान उभे राहिले, तेच मुळी प्रेक्षकांच्या जागांवरून. ब्रेबॉर्न मैदानाचा मालक असलेला क्रिकेट क्लब पुरेशी तिकिटे देत नाही, म्हणून मुंबईच्या संघटनेने हाकेच्या अंतरावर स्वतःचे मैदान बांधले आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे वेस्ट इंडिजविरुद्धची पहिली कसोटी झाली. त्याच सामन्यात क्लाइव्ह लॉइड यांचे अभिनंदन करायला धावलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी बडवले आणि मैदानात दंगल उसळली. अर्ध्या शतकानंतर, २०२३ च्या विश्वचषकाची तिकिटविक्री पहिल्या सामन्याच्या जेमतेम सहा आठवडे आधी सुरू झाली. प्रायोजक, सभासद, क्लब आणि मंत्रालय यांच्या वाट्याला किती तिकिटे जातात आणि खुल्या विक्रीला किती उरतात, हा आकडा प्रत्येक सामन्याआधी जाहीर करण्याची सक्ती संघटनांवर करायला नवा कायदाही लागणार नाही. जमिनीच्या भाडेपट्ट्यात एक अट घातली, तरी पुरे.