फरशीआधी एक वाफा

घर बांधून झालं, वास्तुशांत उरकली, की घरात अंगणाची चर्चा सुरू होते. 'सगळीकडे फरशीच घालून टाकू, चिखलाची कटकट नको,' असं कुणीतरी म्हणतं आणि ते ठरूनही जातं. रोज अंगण झाडणारीला कुणी विचारत नाही. मैत्रिणींनो, मिस्त्री यायच्या आधी त्यातली ६ फूट बाय १० फूट जागा आपण मागून घ्यावी. मागून कशाला, सांगूनच टाकावं, 'ही जागा भाजीची.'

मात्र उरलीसुरली जागा पदरात घेऊ नका. मोरीच्या कडेला, जिथे ऊन पोचत नाही तिथे वांगी लावायची आणि मग 'आमच्याकडे काही येतच नाही' म्हणायचं, हे नेहमीचंच. फळभाजीला दिवसाचं पाच-सहा तास ऊन हवं. एका रविवारी सकाळी, दुपारी आणि चार वाजता अशी तीनदा सावली बघून ठेवा. नळ जवळ हवा, नाहीतर बादल्या कोण वाहणार ते ठाऊकच आहे.

आता वाफा. काळ्या मातीत सपाट वाफा केला की पावसाळ्यात पाणी साचतं, मुळं कुजतात. म्हणून गादीवाफा करायचा, जमिनीपासून वीतभर उंच. लांबी ८ फूट चालेल, पण रुंदी ४ फुटांच्या वर नको. दोन्ही बाजूंनी बसून हात मधोमध पोचला पाहिजे, कारण वाफ्यात पाय ठेवायचा नाही! पायाने माती दबली की केलेली मशागत वाया. भोवती फूटभर वाट सोडावी. भिंतीला लागून करणार असाल तर रुंदी २ फूटच ठेवा.

नव्या घराच्या अंगणात वरच्या थरात माती कमी आणि विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळेच जास्त असतात. ते आधी वेचून काढा. मे महिन्यात जमीन खणून उन्हात तापू द्या. मग चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा, ताजं शेण नको. विटांची कड, गेरूचे पट्टे ही हौस नंतर. अनेक परसबागा त्या पट्ट्यांपाशीच थांबतात, असं आपलं माझं मत.

उंच वाफा उन्हाळ्यात लवकर सुकतो, तेव्हा त्यावर पालापाचोळ्याचं आच्छादन हवंच. पाण्याचे हाल असतील तिथे उन्हाळ्यापुरता सपाट वाफाच बरा.

'दहा-वीस रुपयांच्या भाजीसाठी एवढा खटाटोप?' असं घरातले म्हणणारच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत, पण देशी बियाणं जपण्याच्या कामासाठी त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. परसातलं काम किरकोळ नसतं, हे सांगायला आणखी काय हवं? आपल्याही माहेरी कुणाकडे तरी राखेत घोळून ठेवलेलं वालाचं, दोडक्याचं बी असेल. पाकिटं आणण्याआधी तिथे विचारा.

पहिल्या पावसाळ्यात एकच वाफा पुरे. भेंडी, गवार, कडेला चवळी. मेथी-पालक थंडीत लावा, जोराच्या पावसात त्या सडतात. आणि खणायला एकट्या बसू नका. कंबर आपलीच धरते. मुलाच्या आणि त्याच्या बाबांच्या हातात एक रविवार फावडं द्या. भाकरीबरोबर कोवळी भेंडी त्यांनाही लागतेच की.